काटे वगळलेली कविता

महोदय,

रविवारच्या पुरवणीत शेमस हीनी यांच्या ‘ब्लॅकबेरी-पिकिंग’, म्हणजे काटेरी झुडपांवरची ब्लॅकबेरी फळे तोडून साठवणाऱ्या आणि ती नासताना पाहणाऱ्या मुलांच्या कवितेवर आलेला लेख वाचला. उत्तर आयर्लंडमधील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या कवीच्या १९६६ सालच्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या संग्रहातील ही चोवीस ओळींची कविता. लेखकाने पहिल्या सोळा ओळी बालपणीच्या आनंदाच्या आणि उरलेल्या आठ नासाडीच्या, अशी सरळ वाटणी करून शेवटी हावरेपणाविषयी बोध काढला आहे. मला ही वाटणी पटत नाही.

पहिल्या पिकलेल्या फळासाठी कवी ‘क्लॉट’, म्हणजे रक्ताच्या गुठळीसाठीही वापरला जाणारा शब्द योजतो; त्याच्या गराला दाट वाइनची उपमा देतो, आणि वाइन म्हणजे आंबवलेला रसच; त्यामुळे पुढे गोठ्यात साठवलेली फळे आंबून त्यांवर उंदराच्या रंगाची करडी बुरशी चढते, तेव्हा ती बाहेरून आलेली वाटत नाही. मुलांच्या चिकट तळव्यांना तर ब्लूबिअर्डच्या, म्हणजे बायकांचे खून पाडणाऱ्या लोककथेतील पुरुषाच्या हातांची उपमा आहे. याला निरागस आनंद कसे म्हणावे?

यमकांबद्दल लेखात एक अक्षरही नाही, याचे अधिक वाईट वाटले. कवितेतील यमके जाणूनबुजून अर्धीमुर्धी जुळवलेली आहेत. पुरती जुळतात ती दोनच ठिकाणी, आरंभी ‘क्लॉट’ आणि ‘नॉट’, शेवटी ‘रॉट’ आणि ‘नॉट’. पहिला ‘नॉट’ म्हणजे गाठ, कच्च्या फळाचा टणकपणा सांगणारी. दुसरा म्हणजे नकार, फळे टिकणार नाहीत हे सांगणारा. उच्चार मात्र एकच. शिवाय तोवर ‘आम्ही’ म्हणून बोलणारा मुलगा रडू येण्याच्या ओळीत प्रथमच ‘मी’ म्हणतो, आणि फळे टिकतील अशी आशा त्याला दरवर्षी वाटते, टिकणार नाहीत हे ठाऊक असूनही. एकदाच झालेल्या चुकीतून धडा घेणारा मुलगा हा नव्हे.

सोबतच्या अनुवादात ब्लॅकबेरीला ‘जांभळे’ म्हटले आहे. जीभ रंगते एवढे साम्य खरे, पण जांभूळ उंच झाडावर लागते आणि त्याला काटे नसतात. मग हातांवरच्या ओरखड्यांचे काय करायचे? आमच्या कोकणातली करवंदे काटेरी जाळीत पिकतात, म्हणून ती अधिक जवळची. मात्र ती भर उन्हाळ्यातली आणि ही ऑगस्टअखेरची, ऋतू सरतानाची. तेव्हा मूळ नावच ठेवून काटे शाबूत राखणे बरे.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी