हवामहल बिघडला की कान?

ऐरोली,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

ऐरोलीहून नौपाड्याला पत्र म्हटल्यावर आई हसणार, हे ठाऊक आहे. मधे एक दिघा गाव, की आलंच ठाणे. पण बाबा, फोनवर तुम्ही "हो, हो, बरं" म्हणता तेव्हा अर्धं पोचलेलंच नसतं, हे मला कळतं. समोर आले की चहा, टीव्ही आणि नातवाचे मार्क यांतच वेळ जातो. लिहिलेलं मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, वर समासात शिसपेन्सिलीनं माझे ऱ्हस्व-दीर्घही सुधारता. म्हणून हा उद्योग. चिरंजीव क्लासला ठाण्याला येतील, त्यांच्या दप्तरातून पाठवते आहे.

विषय हवामहलचा, विविध भारतीवरच्या त्या छोट्या हिंदी नाटकांचा. मागच्या वेळी जेवताना तुम्ही निकाल देऊन टाकलात, की त्यात आता राम उरला नाही. नट पुटपुटतात, मागे नुसता बाजा वाजवतात, हसू कुठे यायचं ते कळत नाही. आणि रेडिओ उचलून फ्रिजवर ठेवलात. मला नवलच वाटलं. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला आणि हवामहल तिच्या अगदी जुन्या कार्यक्रमांपैकी एक. म्हणजे तुमच्या संसारात तो आईच्या आधी आलेला. इतक्या वर्षांची सोबत एका वाक्यात मोडायची, तर कारणही तेवढं भक्कम हवं ना?

तेव्हा मीच ऐकायला लागले. आकाशवाणीचं ॲप फोनवर घेतलं आणि रात्री भाजी निवडता निवडता ऐकत गेले. सांगते प्रामाणिकपणे. काही झलक्या, म्हणजे त्यातली ती छोटी नाटुकली, खरंच पाणचट आहेत. एकीत घरमालक आणि भाडेकरू यांचं इतकं जुनाट भांडण होतं, की शेवट मला पहिल्या मिनिटालाच कळला. पण काही उत्तम होत्या. पंधरा मिनिटांत माणूस उभा करायचा, त्याला अडचणीत टाकायचं आणि सोडवायचं, हे सोपं नाही. आमच्या ऑफिसात तेवढ्या वेळात मीटिंगला सगळे जमतसुद्धा नाहीत. पुटपुटणारं मात्र मला कुणी भेटलं नाही.

मग वाटलं, एकटीच्या कानावर कशाला विसंबायचं? आमच्या सेक्टरच्या बागेत संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा असतो. तिथे जाऊन विषय काढला आणि गंमतच झाली. बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, जुने भाग परत लागतात तेच खरे, नवीन काही करू नका. त्यांना पुढचं वाक्य आधी पाठ असतं आणि ते नटाच्या आधी म्हणण्यातच त्यांना मजा येते. शेजारच्या बाई शाळेत शिकवायच्या, त्या उसळल्या. म्हणाल्या, "बायको म्हणजे साडी मागणार, नवरा म्हणजे पगार लपवणार. हे किती वर्षं ऐकायचं? आमच्या घरात पगार मी आणत होते." तिसऱ्या गृहस्थांची तक्रार वेगळीच. हिंदी कशाला, मराठी श्रुतिका लावा, आकाशवाणीची ती जुनी मालिका 'पुन्हा प्रपंच' परत लावा. तेवढ्यावरून त्यातल्या प्रभाकरपंत, मीना वहिनी आणि टेकाडे भावजी यांच्यावर अर्धा तास निघाला. ती कामं करणारे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर ही नावं तिथे अशी घेतली जात होती, की जणू ती माणसं पलीकडच्या बिल्डिंगमधून आत्ता उठून येतील.

सगळ्यात नेमकं मत आमच्या गेटवरच्या वॉचमनचं निघालं. तो जौनपूरकडचा आहे. केबिनमध्ये त्याचा छोटा रेडिओ विविध भारतीवरच असतो. त्याच्या मते पंधरा मिनिटांपेक्षा मोठा कार्यक्रम त्याच्या कामाचा नाही. एक राऊंड संपला की दुसरा सुरू व्हायच्या आत गोष्ट संपली पाहिजे. कार्यक्रम चांगला की वाईट हे त्यानं सांगितलंच नाही. त्याच्या रात्रीत तो बसतो, एवढंच सांगितलं. मला हे फार पटलं. आपण मत देताना स्वतःची खुर्ची किती मोकळी आहे हे धरतच नाही.

"पूर्वीसारखं राहिलं नाही" हे मात्र कट्ट्यावर सगळेच म्हणाले, अगदी जुनेच भाग लावा म्हणणारे काकासुद्धा. आणि हे काही आपल्याकडचंच नाही. आमच्या लंडनच्या टीममध्ये एक बाई आहे, तिच्या आईचंही हेच. तिकडे बीबीसीवर 'द आर्चर्स' नावाची खेड्यातल्या शेतकरी कुटुंबांची मालिका आहे. १ जानेवारी १९५१ पासून देशभर लागते, ती अजून चालू आहे. महायुद्ध संपलं तरी रेशन सुटलं नव्हतं, तेव्हा शेतकऱ्यांना नवीन माहिती गोष्टीतून द्यावी म्हणून ती निघाली. थोडक्यात, आकाशवाणीवरच्या आपल्या शेतकऱ्यांसाठीच्या 'माझं घर माझं शिवार'ची विलायती चुलत बहीण. १९५५ च्या सप्टेंबरात तिच्यातली ग्रेस नावाची तरुण सून तबेल्याच्या आगीत मेली. तेही नेमकं त्या संध्याकाळी, जेव्हा तिकडे पहिलं खाजगी टीव्ही चॅनल सुरू होत होतं. लोकांनी फोन करकरून बीबीसीला सळो की पळो केलं. अलीकडे, २०१६ च्या सुमारास, एका नवऱ्यानं बायकोचा मानसिक छळ मांडल्याचं कथानक बरेच महिने चाललं. तेव्हा श्रोत्यांनी नुसती पत्रं लिहिली नाहीत. खऱ्या पीडित बायकांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी एक लाख पौंडांहून जास्त निधी जमवला. आणि तरीही या सहकारीणीची आई दर आठवड्याला म्हणते, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. म्हणते, आणि ऐकते. तुम्ही ऐकणंच सोडलंत, एवढाच फरक.

आता बाबा, रागावू नका. मला वाटतं बिघाड हवामहलमध्ये नाही.

आमच्याकडे ऑफिसच्या आरोग्य तपासणीला कानाच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांना मी तुमचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वयोमानानं ऐकू येणं कमी होतं ते सगळं सारखं कमी होत नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त, क यांच्यातली धार त्याच पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण ताक म्हणाला की तास, ते कळत नाही. म्हणून समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. आवाज वाढवला तर मुख्यतः स्वरच मोठे होतात, आणि शेजारचे दार वाजवतात ते निराळंच. त्यात मागे संगीत असलं की उरलीसुरली व्यंजनं त्याखाली बुडतात. तुमची तक्रार शब्दाशब्दाला हीच आहे की नाही बघा.

शिवाय तुमचा तो जुना ट्रान्झिस्टर तुम्ही अजून मीडियम वेव्हवरच लावता. त्या पट्टीवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही, एफएमवर पंधरा हजारांपर्यंत येतं. म्हणजे आधीच कानाला जे कमी येतंय, ते रेडिओही वगळतो. वर घरभर तुम्ही एलईडी दिवे लावलेत, त्यांची आणि मोबाईलच्या चार्जरची खरखर त्यात मिसळते. विविध भारती मुंबईत १०२.८ एफएमवर आहे. निदान तेवढं बटण तरी फिरवा.

जुन्या मंडळींचा एकेक शब्द नाण्यासारखा वाजायचा असं तुम्ही म्हणता, ते खरंच असणार. कुडतरकरांचा आवाज तर फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांतून थेटरात बसलेल्या सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलाय. माझा आपला एक अंदाज आहे. खरखरत्या मीडियम वेव्हमधून चाळीच्या गॅलरीपर्यंत शब्द पोचवायचा, तर तो तसाच घोटून म्हणावा लागत असणार. आताच्या नटाला वाटतं, श्रोत्याच्या कानातच इअरफोन आहे. तेव्हा थोडा दोष त्यांच्याही पदरात घालायला माझी ना नाही. पण थोडाच.

आता आई, तुझ्याकडे येते. खरं म्हणजे पत्र तुझ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाबांनी अर्धं खाल्लं.

बाबांनी आकाशवाणीला घातलेली कार्डं मला आठवतात. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, मोत्यासारखं अक्षर. "कार्यक्रम स्तुत्य आहे. कलाकारांचे अभिनंदन. कळावे." संपलं. बाबा, यातून त्या बिचाऱ्यांना काय कळणार होतं? झुमरी तलैय्याहून फर्माइशींची कार्डं गोणीनं यायची, त्यातून गावाचं नाव घरोघरी झालं, पण त्यातही गाणं कोणतं हवं एवढंच असायचं. का हवं, कुठे खटकलं, हे कोण लिहीत होतं?

ते तू बोलायचीस. ओट्यापाशी, पोळ्या लाटताना, कुणाला उद्देशून नाही. बाबा पाय पसरून पूर्ण लक्ष देऊन ऐकायचे आणि तू कुकरच्या शिट्टीतून, अर्ध्या कानानं. तरी चूक तुलाच सापडायची. "बेल वाजली की ही बाई लगेच दार उघडते. हिचे हात कधी पिठाचे नसतातच?" हे तुझंच वाक्य. "तिसऱ्या मजल्यावर चढून आला म्हणतो, धाप कुठे लागली?" आणि एकदा चहाच्या प्रसंगाला म्हणालीस, "कपबशी वाजली, घोटही घेतला, फुंकर कुणी मारली नाही. गारढोण चहा दिला वाटतं पाहुण्याला." मी तेव्हा गृहपाठ करत होते आणि हसून माझी शाई सांडली होती.

अगं, रेडिओच्या नाटकात दार, जिना, कपबशी सगळं आवाजातूनच उभं करायचं असतं. ते फसलं तर घर उभंच राहत नाही. जे तिथल्या माणसांना सांगायला हवं, नेमकं तेच तू सांगत होतीस आणि ऐकायला फक्त आम्ही होतो. कार्ड लिहायचं काम बाबांचं, हे घरात कुणी न ठरवता ठरलेलं. आमच्या कट्ट्यावरच्या त्या शिक्षिकांनाही मी विचारलं, हे साडीचं तुम्ही कधी कळवलंत का? तर म्हणाल्या, "लिहायला बसायला वेळ कुठे होता? आणि आता वेळ आहे तर वाटतं, आपलं कोण वाचतं." रात्री स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणाऱ्या अशा किती जणी असतील! त्यांची मतं कणकेबरोबर मळली गेली आणि टपालात पडली ती खुर्चीत बसलेल्यांची. मग पन्नास वर्षं झलकीतली बायको साडीच मागत राहिली, यात नवल काय?

विविध भारतीवर श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देणारा 'पत्रावली' हा कार्यक्रम आहे. तुझं पत्र त्यांना जायला हवं. हिंदीत लिहायचं म्हणून बिचकू नकोस, तू मराठीत सांग, मी हिंदी करते, नाहीतर नातवाला बसव, त्याची तोंडी परीक्षा होईल. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांतच मिळतं. काही कोरी कार्डं याच पाकिटात घातली आहेत, पत्ता मी लिहून ठेवलाय. एक अट आहे. "स्तुत्य" हा शब्द वापरायचा नाही. खाली नाव तुझं, बाबांचं नाही. शुद्धलेखन त्यांना तपासू दे, तेवढा त्यांचा मान राहू दे.

या शनिवारी सकाळी अकराची ऑडिओमेट्रीची वेळ घेतली आहे, तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. बाबा, तिथे कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. नुसतं बटण दाबायचं, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. यंत्र लागेल असं म्हणाले तर हल्लीची यंत्रं फोनला जोडली जातात, हवामहल थेट कानात येईल आणि शेजारीही सुखानं जेवतील. किमतीवरून आपण नंतर भांडू. तपासणी झाल्यावरही हवामहल पाणचटच वाटला, तर तुमचं मत मी मान्य करीन आणि तेही कार्डावर लिहू, सविस्तर, कुठली झलकी आणि का ते सांगून.

मी पावणेदहाला निघते. ठाण्याला दहा नंबरवर उतरून तो सगळा पूल चालायचा म्हणजे वेळ लागतो, तेव्हा उशीर झाला तर फोन करत बसू नका, नाश्ता करून तयार राहा. रेडिओ फ्रिजवरून खाली काढून ठेवा. आई, लोणचं मुरलं असेल तर बरणी नातवाबरोबर देऊ नकोस, गेल्या वेळी भूगोलाची वही तेलकट झाली होती. मीच नेईन.

तुमची,
ताई