मनूचा रिपोर्ट आला

ती. आई-बाबा,
सा. न.

मनूचा रिपोर्ट काल आला. फोनवर सांगायला घेतलं की गळा दाटतो, म्हणून लिहिते.

आई, पोरगं एवढं खातं आणि अंगी काही लागत नाही म्हणून तू मीठ-मोहऱ्या ओवाळायचीस. त्याची पापी घेतली की ओठ खारट होतात, हेही आधी तूच म्हणालीस. ते डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी लगेच घामाची तपासणी करायला लावली. क्लोराइड ६० च्या बरंच वर निघालं. सिस्टिक फायब्रोसिस. यात स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या घट्ट स्रावाने तुंबतात, पाचकरस आतड्यात उतरतच नाही.

तो किती उतरतो ते शीवरून कळतं. पूर्वी तीन दिवसांची सगळी शी साठवायची आणि पोटात गेलेल्या तुपातेलाचा हिशेब लिहायचा. आता चमचाभर पुरते. इलास्टेज नावाचं पाचकद्रव्य स्वादुपिंडातच तयार होतं आणि फारसं न मोडता शीतून बाहेर पडतं, तेच मोजतात. एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमच्या वर असलं की ठीक, १०० च्या खाली म्हणजे फारच कमी. मनूचं २२. पहिल्यांदा दिलेली शी पातळ होती, पाण्यामुळे आकडा खोटाच कमी येतो, म्हणून घट्ट झाल्यावर पुन्हा दिली होती.

म्हणजे आई, ती तेलकट, उग्र वासाची शी तुझ्या हातच्या तुपामुळे नव्हती. उन्हाळ्यापासून स्वतःला बोल लावतेयस, ते आता थांबव. डॉक्टर तर तूप वाढवा म्हणालेत, फक्त दर खाण्याबरोबर पाचकद्रव्याची कॅप्सूल हवी.

बाबा, ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. तुम्ही माळकरी, तुमच्या घरात लपवून देणं मला जमणार नाही. दुसरं औषध नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. तुम्हाला त्रास होईल हे माहीत आहे, तरी ती त्याला तुमच्यासमोरच देईन.

कॅप्सूल उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात घालून भरवायचे. कुटायचे नाहीत, चावू द्यायचे नाहीत, गरम भातात तर मुळीच नाही. मग पाणी पाजून तोंडात दाणा राहिला नाही ना, ते बघायचं.

दिवाळीला येतोय. आई, बेसनाचे लाडू कर, आणि तुपाला हात आखडू नकोस.

तुमची,
सुमी