आत्यांच्या सह्या आणि तुझा फ्लॅट

अनगोळ, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

शहापूरचं घर कधी विकलं जाणार, हे तू रोज फोनवर विचारतोस. फोनवर त्याचं नीट उत्तर देता येत नाही. दोन वाक्यांत तुझा आवाज चढतो, मग माझाही चढतो, आणि तुझी आई फोन काढून घेते. म्हणून लिहायला बसलोय. सावकाश वाच आणि सूनबाईलाही वाचायला दे. तिचीही झोप उडालीय, हे तिच्या बोलण्यावरून कळतं.

आधी पैशांचं सांगतो, कारण तेच तुला लवकर कळायला हवं. तू घराची पूर्ण किंमत धरून पुण्याच्या फ्लॅटचा हिशेब केलायस. तसे पैसे येणार नाहीत. त्या घरात तुझ्या दोन्ही आत्यांचा माझ्याइतकाच वाटा आहे आणि तो त्यांना मिळणार. राहिलेल्या तिसऱ्या हिश्शातून मी तुला काय ते देईन. यात बदल होणार नाही, तेव्हा तो आकडा धरून पुढचं ठरव.

परवा तू म्हणालास, आत्यांनी अडवून धरलंय. असं पुन्हा म्हणू नकोस. घर तुझ्या पणजोबांपासूनचं, वडिलोपार्जित आहे. कर्नाटकानं 1994 मध्ये वारसा कायद्यात मुलींना वाटा देणारी दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. मोठी आत्या तोवर दोन मुलांची आई झाली होती. त्यामुळे कित्येक वर्षं या घराच्या बाबतीत तिला कुणी धरलंच नाही. पुढं 2005 मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मानंच मुलाइतकी हक्कदार ठरली. वडील 2005 च्या आधी वारले असतील तर काय, हा घोळ मात्र राहिला होता. तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये मिटवला. हक्क जन्मानं येतो, वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही. घेणाऱ्याच्या वकिलानं आत्यांच्या सह्या मागितल्या त्या याचसाठी. त्यानं तुझीही सही मागितलीय, कारण माझ्या वाट्यात तुझा जन्मानं हक्क आहे. तुझी सही जशी लागते तशीच त्यांची लागते.

गल्लीतल्या दोघातिघांनी मला सुचवलं की हक्कसोडपत्र करून घ्या, बहिणी भावासाठी सोडतातच. बहिणीनं आपणहून सोडलं तर गोष्ट वेगळी. आपल्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे म्हणून तिच्यापुढं कागद सरकवायचा, हे मला पटत नाही. दोघी घर विकणार म्हणून खरेदीपत्रावर सह्या करतील आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर जातील. माझे वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं असं मला वाटतं.

आता मोठ्या आत्याला वेळ का लागला ते ऐक. मसुदा कन्नडात आहे. खानापुरात राहून तिला कन्नड बोलता येतं, पण कचेरीचं कन्नड वाचायला जमत नाही. तिनं एवढंच सांगितलं, की सगळा कागद मला मराठीत वाचून दाखवा, मग सही करते. मी दस्त लिहिणाऱ्या बाँड रायटरला घेऊन तिच्याकडं गेलो. त्याला घाई होती, तो नावं, सर्व्हे नंबर, रक्कम असं भराभर सांगत गेला. चतुःसीमेवर आला आणि आत्यानं हात वर केला. पूर्वेला शेजाऱ्याची भिंत लिहिली होती. ती म्हणाली, तिथं भिंत कशी असेल, तिथं बोळ आहे. तुझे आजोबा मागावर बसायचे तेव्हा सुताचे गठ्ठे त्या बोळातून मागच्या दारानं आत यायचे, आणि ते आणायचं काम हिचं होतं. पुढच्या खोलीतला मागाचा खड्डा तुझ्या जन्माआधीच बुजवला, पण तो बोळ अजून आहे. कचरा साठल्यामुळं कुणी जात नाही, इतकंच.

घरी येऊन ट्रंकेतला जुना कागद काढला. तो मोडीत आहे, म्हणून मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतला. पूर्वेस वहिवाटीचा बोळ, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सिटी सर्व्हेच्या नकाशातही तो दिसतो. मसुद्यात तेवढाच सुटला होता. तसंच खरेदीपत्र झालं असतं तर उद्या घेणाऱ्यानं बांधकाम काढल्यावर शेजाऱ्याशी वाद, आणि वादात पहिली नोटीस आपल्याला. ज्या बाईमुळं उशीर झाला म्हणतोस, तिच्यामुळं हे टळलं. मसुदा आता दुरुस्त झालाय.

आपल्याकडच्या घरांना वेळ लागतो त्याला इतिहासही कारण आहे. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. मग मुंबई राज्य आलं, 1956 मध्ये आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं, आणि 1973 मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. घर जागचं हललं नाही, कागद मात्र मोडीतून बाळबोधीत आणि तिथून कन्नडात गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी कारकुनानं आजोबांचं नाव आपल्या कानाला आलं तसं लिहिलं. आडनाव एका उताऱ्यात एक, दुसऱ्यात वेगळं, माझ्या आधारवर तिसरंच. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सीमाभागात हे घरोघरी आहे, यात कुणाचा दोष काढत बसण्यात अर्थ नाही.

बाकीचं थोडक्यात. घरावर कर्जाचा बोजा नाही हे दाखवायला ईसी, म्हणजे तसा दाखला, लागतो. 2004 पासूनच्या नोंदी संगणकावर मिळतात, त्याआधीच्या वह्यांतून शोधाव्या लागतात आणि वकिलाला तीस वर्षांच्या हव्या आहेत. ई-खात्याशिवाय, म्हणजे पालिकेच्या संगणकावरच्या मालमत्तेच्या नोंदीशिवाय, आता नोंदणी होत नाही, आपला खातेबदल आजोबांच्या नावावरून व्हायचा होता, तो झाला. 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क एकाचे दोन टक्के झाले, तेव्हा घेणाऱ्यानं पुन्हा बँकेत जाऊन कर्जाची रक्कम जुळवली. पितृपंधरवड्यात तो संचकार, म्हणजे विसार, द्यायला तयार नव्हता, त्याच्या आईची इच्छा. मग दसरा, दिवाळी. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरातले अधिकारी त्यात गुंततात, म्हणून मी त्याच्या आधीची तारीख धरून बसलोय. मिळाली नाही तर संक्रांतीनंतर.

बघ, यातल्या प्रत्येक उशिराला कारण आहे आणि तो कुठल्या टेबलावर आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून मला झोप लागते. तुला लागत नाही, कारण तुला फक्त 'अजून झालं नाही' एवढंच ऐकू येतं. तुझ्या पुण्याच्या व्यवहारातही तेच चाललंय. तू एजंटला रोज विचारतोस काय झालं, तो रोज म्हणतो बघतो. त्याऐवजी एका कागदावर लिहून काढ, कुठला कागद अडलाय, कुणाकडं आहे, आणि त्यानं कुठली तारीख दिलीय. ज्या उशिराचं कारण कुणालाच सांगता येत नाही, काळजी फक्त त्याची करायची.

तुझ्या विकणाऱ्याचे मूळ कागद अजून त्याच्या बँकेत आहेत, हे तू बोलता बोलता सांगितलंस आणि त्यावरून पुढं निघून गेलास. माझ्या मते तुझ्या व्यवहारातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे असतात, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. म्हणजे त्याचं कर्ज फिटल्यानंतरही महिनाभर धरून चालायला हवं. तो महिना तू हिशेबात धरलेलाच नाहीस, आणि ठरलेल्या तारखेला किल्ली मिळाली नाही की सूनबाईवर चिडणार. त्याचं कर्ज तुझ्या पैशांतून फिटणार असेल तर चेक थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्यावर काढ, त्याच्या हातात देऊ नकोस.

एजंट म्हणतो, या आठवड्यात सही केली नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असेल. पण दस्तावर सह्या झाल्यावरही नोंदणीसाठी कायदा चार महिने देतो, तेव्हा एका आठवड्यात आकाश कोसळत नाही. विकणाऱ्याला सरळ सांग की बेळगावचे पैसे उशिरा आणि ठरल्यापेक्षा कमी येणार आहेत. मुदत वाढवून माग. वाढवली तर तोंडी मानू नकोस, दोघांच्या सह्यांनिशी लिहून घे. नाही म्हणाला तर टोकनमधले थोडे पैसे जातील, ते जाऊ देत. तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेला तर पुण्यात दुसरा मिळेल. कमी पडणारी रक्कम हातउसनी किंवा वैयक्तिक कर्ज काढून भरू नकोस. एक खोली कमी असलेलं घर मला चालेल, तुझ्या आईलाही चालेल. आम्ही आलो तर हॉलमध्ये झोपू.

आमच्याकडंही एक माणूस आला होता. म्हणाला, आठ दिवसांत व्यवहार पुरा करतो, निम्मी रक्कम रोख, कागदावर किंमत कमी दाखवू, बहिणींचं नंतर बघता येईल. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून कायद्यानं बंदी आहे. पण कायदा राहू दे. त्या दिवशी मी कचेरीतून दमून आलो होतो, सर्व्हर बंद म्हणून परत पाठवलेलं, आणि खरं सांगतो, त्याचं बोलणं कानाला गोड लागत होतं. असे लोक माणूस दमल्यावरच येतात. माझ्या पाहण्यात ज्यांची घरं कोर्टात अडकली, त्यांतले बरेच जण लोभी नव्हते, कंटाळलेले होते. एकदाचं संपवू या म्हणून त्यांनी सही केली आणि ते पंधरा-वीस वर्षं संपलं नाही. तुझी मला भीती वाटते ती एवढ्याचसाठी. तू लोभी नाहीस. पण तू दमलायस, तुझ्या आवाजात ते ऐकू येतं, आणि दमलेल्या माणसाच्या हातात पेन देऊ नये.

तेव्हा काही दिवस असं कर. एजंट, बँक, वकील यांना फोन करायचे ते शनिवारी सकाळी, एकदाच बसून. बाकी दिवस त्यांचा फोन आला तर घ्यायचा, आपण करायचा नाही. रात्री जेवताना फ्लॅटचा विषय नको, आणि झोपायच्या आधी मोबाईलवर दुसरे फ्लॅट बघत बसणं तर अजिबात नको. कुठल्याही कागदावर संध्याकाळी सही करायची नाही. घरी आणायचा, दोघांनी वाचायचा, सही दुसऱ्या दिवशी सकाळी. एजंट कुरकुरला तर वडिलांनी सांगितलंय म्हणून माझं नाव सांग.

आणखी एक. घर विकून आलेल्या नफ्यावर कर वाचवायचा तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेता येतं, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घेतलं नाही तर ती रक्कम त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवता येते. म्हणजे सरकारसुद्धा आपल्याला दोन वर्षं देतंय. मात्र माझ्या वाट्याच्या पैशांवर ही सवलत हवी तर नव्या घरात माझंही नाव लागेल. त्याबद्दल तुझं आणि सूनबाईचं काय मत आहे ते मोकळेपणानं कळव. नको असेल तर मी कर भरीन, मला वाईट वाटणार नाही.

रजिस्ट्रीची तारीख मिळाली की कळवतो. येताना मूळ आधार आणि पॅन आण, झेरॉक्स चालत नाही. रजा मिळत नसेल तर मुखत्यारपत्र करता येईल, पण तू यावंस असं मला वाटतं. दोन्ही आत्या येणार आहेत. धाकटी कोल्हापूरहून आदल्या दिवशीच येते.

त्याआधी मोठ्या आत्याला एक फोन कर. सही, तारीख, पैसे यांतलं काही बोलू नकोस. तिच्या गुडघ्याचं विचार, आणि बोळातून सूत कसं आणायची ते विचार, तिला सांगायला आवडतं. फोन दुपारी चारनंतर कर, त्याआधी ती झोपलेली असते.

तुझा,
बाबा