लिंबदेशाची सार्वत्रिक निवडणूक : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या अंगणात लिंबाचे झाड आहे आणि त्याला दगडी पार आहे. वाचनालयाच्या पायरीपासून हापशापर्यंतची जागा म्हणजे ‘लिंबदेश’. बालविभागाच्या मुलांनी मेच्या सुट्टीत हा देश स्थापन केला. त्याला झेंडा आहे, वहीच्या चार पानांची घटना आहे आणि दर मे महिन्यात तिथे सार्वत्रिक निवडणूक होते. यंदाची तिसरी निवडणूक मेच्या तिसऱ्या रविवारी आहे. मुलांच्या निवडणूक आयोगाने वाचनालयाकडे मदत मागितली आहे आणि वाचनालय ती आपल्याकडे मागत आहे.

हा खेळच आहे, त्याला वर्गणी कशाला, असे काही जणांनी विचारले. विचारणे रास्त आहे. पण लिंबदेशात निवडून येणाऱ्या सात जणांच्या हाती खरे पैसे असतात. बालविभागासाठी वर्षभरात कोणती पुस्तके घ्यायची हे तेच ठरवतात, कार्यकारी मंडळ त्यात हात घालत नाही. पहिल्या वर्षी ‘भुताच्या गोष्टी आणणार’ म्हणणारे निवडून आले आणि त्यांनी खरोखर कपाटाचा एक खण भुतांनी भरला. पुढच्या वर्षी ते पडले, कारण क्रिकेट आणि विज्ञानाच्या प्रयोगांची पुस्तके मागणाऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. दिलेल्या मताचे पुढे काय होते हे आमच्या पाचवीतल्या मुलांना कपाटाच्या खणात दिसते.

आणि आपला आटपाडी तालुका या बाबतीत नवखा नाही. हा भाग औंध संस्थानात होता. सारे संस्थान बहात्तर गावांचे, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्या मागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर होते. गावोगाव पंच निवडायचे आणि कारभार गावापासून वर न्यायचा, अशी ती रचना होती. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षे होती. निवृत्त गुरुजींनी ही हकिगत पारावर सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे आपल्याएवढ्याच लहान देशात?” त्याच संध्याकाळी गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९७९ साली चौदा वर्षांच्या एका मुलाने आपल्या खोलीलाच ‘टॅलोसा’ नावाचे राज्य म्हणून जाहीर केले, आणि पुढे त्या राज्याचे नागरिक आपली संसदही निवडू लागले. लिंबदेशाचा जन्म त्या संध्याकाळचा.

आता मागच्या दोन निवडणुकांत काय झाले ते सांगतो, म्हणजे आम्हाला नेमके काय हवे आहे हे कळेल.

पहिल्या वर्षी मुलांनी तेलाचे रिकामे डबे मांडले. प्रत्येक उमेदवाराचा डबा वेगळा आणि डब्यावर त्याचे चिन्ह. हे त्यांनी मनाने केले होते, पण १९५१-५२ ची देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक अशीच झाली होती. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते, मतदार १७ कोटींहून अधिक, आणि बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. आपल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात त्यासाठी १२ लाखांहून जास्त पोलादी पेट्या तयार झाल्या. आमच्या डब्यांची अडचण मात्र वेगळी निघाली. चिठ्ठीबरोबर खडा टाकायचा असे मुलांनी ठरवले होते, वाऱ्याने चिठ्ठी उडू नये म्हणून. खडा पडला की डबा वाजायचा, आणि डावीकडचा वाजला की उजवीकडचा हे बाहेर रांगेत सगळ्यांना ऐकू यायचे. दुपारपर्यंत कोण पुढे आहे ते अख्ख्या गावाला माहीत होते.

म्हणून गेल्या वर्षी एकच पेटी, छापील मतपत्रिका आणि शिक्का. शिक्का बटाट्याचा. बटाटा अर्धा कापून त्यावर फुली कोरली होती. अकरा वाजेपर्यंत तो बरा उमटला, नंतर मऊ पडला आणि मतपत्रिकेची घडी घातली की शाई पलीकडच्या चिन्हावर उतरायला लागली. मोजताना दोन-दोन ठसे! खऱ्या निवडणुकीतल्या शिक्क्याच्या फुलीला एकाच दिशेने वळलेले बाण असतात, त्यामुळे घडीने उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि खरा कुठला ते ओळखता येते. हे आम्हाला मतमोजणीच्या टेबलावर, उशिरा कळले.

त्याहून मोठी गोष्ट त्याच संध्याकाळी झाली. मतदार नोंदवहीत सह्या होत्या १४३ आणि पेटीत निघाल्या १४६ मतपत्रिका. केंद्राध्यक्ष सातवीतली मुलगी होती. तिने तीन वेळा मोजले. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिले, ‘मतमोजणी थांबवली आहे.’ बाहेर उमेदवारांचे पाठीराखे ओरडत होते. तीन मतांनी काय फरक पडतो, म्हणून मोठी माणसेही समजावत होती. जिंकणाऱ्याची आघाडी नऊ मतांची होती, तेव्हा निकाल बदलला नसता हे खरेच होते. तिचे उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकले : “ज्यांनी सही नाही केली ते कोण व्हते ते मला सांगा, मग मोजते.” कोणालाच सांगता आले नाही. बुधवारी फेरमतदान झाले आणि १३८ सह्यांना १३८ मतपत्रिका निघाल्या. जिंकला तोच मुलगा, पण सहा मतांनी.

कारण शोधले तेव्हा दोष आम्हा मोठ्यांकडे आला. टेबल एकच होते, रांग उन्हात होती, आणि लहान पोरांचे पाय भाजायला लागल्यावर मदतीला बसलेल्या आमच्याच एका सभासदाने सही न घेता मतपत्रिका वाटल्या. सावली असती आणि टेबले तीन असती तर हे घडले नसते.

तेव्हा पहिली मागणी पैशांची नाही, माणसांची आहे. तालुक्यात निवडणुकीची ड्युटी केलेले शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका पुष्कळ आहेत. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान कसे घ्यायचे, पेटी रिकामी दाखवून सील कशी करायची, शेवटी हिशेबाचा तक्ता कसा भरायचा, हे त्यांना पाठ असते. मतदाराच्या ओळखीवर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, हा नियम अशाच एका बाईंनी मुलांना सांगितला होता. गेल्या वर्षी तो वापरलाही गेला. कोइमतूरहून आलेला एक मुलगा वर्षभरात एवढा उंच झाला होता की प्रतिनिधीने त्याला ओळखलेच नाही. आजीला बोलावून खात्री झाली. आक्षेप खोडसाळ नव्हता म्हणून दोन रुपये परत मिळाले. अशा जाणत्या माणसांनी मतदानाआधीचे दोन दिवस संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर यावे. काम मुलेच करतील, आपण शेजारी बसावे.

दुसरी मागणी मतदार यादीसाठी आहे. यंदा मुलांनी मतदानाचे वय दहावरून आठ वर्षांवर आणले. (देशाने १९८९ साली २१ वरून १८ वर आणले, तो दाखला त्यांनी ठरावात लिहिला आहे.) यादीसाठी मुले घरोघर जात आहेत. मळ्यातली, वस्तीवरची आणि मेंढरांमागे फिरणारी मुले राहून जातात. मागच्या खेपेला एका पालावर मुलाचे नाव विचारले तर ‘सोन्या’ एवढेच कळले, शाळेतले नाव घरात कोणालाच सांगता येईना. त्याला यादीत घ्यावे की नाही यावर आयोगात भांडण झाले. तेव्हा गुरुजींनी भारताच्या पहिल्या निवडणुकीची आठवण सांगितली. स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितलेल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे तेव्हा यादीतून गेली. ती रात्र सोन्यासाठी भांडणाऱ्यांची ठरली. तो ‘सोन्या’ म्हणूनच यादीत आहे आणि त्याने मतदानही केले. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे अशा तरुणांनी दोन दिवस मुलांना वस्त्यांवर घेऊन जावे, ही विनंती. मुलीही आयोगात आहेत, तेव्हा सोबत एखादी ताई किंवा मावशी असावी.

तिसरे, आपल्या गलाईवाल्या मंडळींना. आपल्या गावची निम्मी घरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, तमिळनाडू, केरळ, बंगाल कुठे कुठे गेली आहेत. सुट्टीत मुले गावी येतात, त्यांच्यासाठी लिंबदेशाने ‘बाहेरगाव’ हा वेगळा मतदारसंघ ठेवला आहे. महिनाभर राहणाऱ्यांना मत कशाला, असा वाद झाला होता. वाचनालयाचा सभासद तो मतदार, असे ठरून तो मिटला. यातल्या काही मुलांना मल्याळम भराभर वाचता येते आणि मराठी अडखळत. म्हणून मतपत्रिकेवर नावाआधी चिन्ह येते आणि ते मोठे असते. आपण परगावी असाल तर मुलाचे नाव, वय आणि गावी येण्याची तारीख घरच्यांमार्फत वाचनालयात कळवा. यादी अक्षय तृतीयेला बंद होईल.

वस्तूंमध्ये हवे आहे ते असे : मांडवाचे कापड आणि बांबू, तीन टेबले, गडद रंगाचे जाड पडदे (गेल्या वर्षी मतदान कक्ष पुठ्ठ्याच्या खोक्याचा होता आणि एक काका खिडकीतून वाकून बघत होते), बाणफुलीचे चार रबरी शिक्के आणि शाईचे पॅड. बोटाला लावायची पक्की शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात होते आणि ती बाजारात मिळत नाही, म्हणून मुलांनी मेंदीचा ठिपका ठरवला आहे. बारीक टोकाचे कोन भरून देणाऱ्या आणि ठिपका लावायला बसणाऱ्या बायका-मुली हव्यात. मेंदी वाळेपर्यंत मतदाराला सावलीत बसवायचे आहे, तेव्हा ताकाच्या एक-दोन घागरी मिळाल्या तर फार बरे होईल.

रोख खर्चाचा अंदाज २२,००० रुपयांचा आहे. त्यातले १५,००० सरळ लिंबदेशाच्या खजिन्यात, म्हणजे पुस्तकांना जातील. उरलेल्यात छपाई, शिक्के, पाणी आणि मुलांची भेळ. दहा रुपयेही चालतील. वर्गणी वाचनालयात संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत पावती घेऊनच द्यावी.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. कोणत्याही पक्षाची, किंवा मोठ्यांच्या येत्या निवडणुकीत स्वतः उभे राहणार असलेल्या कोणाचीही वर्गणी आम्ही घेणार नाही. फ्लेक्स लागणार नाही, मांडवावर देणगीदाराचे नाव येणार नाही. आमच्या मुलांनी मतांसाठी पावसाळ्यात वाटलेल्या छत्र्यांपासून जेवणावळीपर्यंत सगळे पाहिले आहे. निदान पारावर तरी त्यांना ते दिसू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. वर्गणीदारांची नावे दारातल्या फळ्यावर सारख्याच अक्षरात लिहिली जातील आणि खर्चाचा जमाखर्च रोज संध्याकाळी त्याखाली लिहिला जाईल. हिशेब आठवीतल्या दोघी लिहिणार आहेत. कोणीही येऊन वाचावा, चुकला तर त्यांना दाखवावा.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी घरी आली की “कोणाला दिलेस?” असे विचारू नका. लिंबदेशाच्या घटनेतले तिसरे कलम हेच आहे.

मतदान सकाळी ७ ते ११, ऊन चढायच्या आत. मोजणी त्याच दिवशी चारला, पारावर, सगळ्यांसमोर. मांडवाचे सामान शनिवारी दुपारपर्यंत वाचनालयात पोचवावे, चावी शेजारच्या पिठाच्या गिरणीत ठेवली आहे.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ
आणि लिंबदेशाचा निवडणूक आयोग