चावी हातात देणाराही जबाबदार

महोदय,

‘तळीरामांवर करडी नजर’ हे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या बंदोबस्ताविषयीचे कालच्या अंकातील वृत्त वाचले. नाकाबंदी, ब्रेथ अ‍ॅनालायझर आणि दंड यांची माहिती त्यात व्यवस्थित दिली आहे, परंतु मथळ्यातील ‘तळीराम’ हा शब्द मला सहन झाला नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीराम सुधाकराला दारूची वाट दाखवतो आणि त्या घराची राखरांगोळी होऊन नाटक संपते, त्याच्या नावाचा आपण वर्षाअखेरीच्या बातम्यांत गमतीचा शब्द करून टाकला आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला कृपया मद्यपी चालकच म्हणावे.

हा केवळ शब्दाचा हट्ट नाही. काही वर्षांपूर्वी 1 जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणाऱ्या बारावीतल्या मुलाला सोसायटीच्या वळणावर एका मोटारीने उडवले. मी दूध घ्यायला खाली उतरलो होतो. आवाज ऐकून धावलो, तर तो मुलगा पायाकडे न पाहता रस्त्यावर पसरलेल्या अंकांकडे बोट दाखवून, “काका, पेपर तेवढे उचला, एजंट पैसे कापतील,” असे म्हणत होता. त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला आणि फेब्रुवारीतली प्रात्यक्षिक परीक्षा हुकली. मोटार चालवणाऱ्याला गाडीतून उतरून धड उभे राहता येत नव्हते.

तो जवळच्याच हॉटेलातून निघाला होता, म्हणून दोन दिवसांनी मी तिथे गेलो. दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आलेल्या माणसाला पार्किंगवाल्याने चावी दिलीच कशी, असे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “गाडी त्यांची, चावी त्यांची, आम्ही नाही कसे म्हणणार?” हे उत्तर मी आजही विसरू शकलेलो नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कलम 188 अशा गुन्ह्याला अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी किंवा मदत, देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगते. मे 2024 मधील पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला मद्य दिल्याबद्दल संबंधितांवर गुन्हा नोंदवला गेला; मग ग्राहक सज्ञान असला, की त्याला झोकांड्या खाताना पाहूनही चावी देणाऱ्याची जबाबदारी कशी संपते?

त्यातच 24, 25 आणि 31 डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघड्या ठेवण्याची मुभा शासन देते. पहाटे पाचला रस्त्यावर पेपर टाकणारी मुले, दूधवाले, झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगार स्त्रिया आणि फिरायला जाणारे आमच्यासारखे वृद्ध असतात, आणि नेमक्या त्याच वेळी रात्रभर पीत बसलेले लोक गाड्या काढतात. अपघाताच्या त्या पहाटे आमच्या चौकात एकही पोलिस नव्हता, कारण नाकाबंदी तोवर उठली होती. मुंबईत 31 डिसेंबरच्या रात्री खास लोकल सोडल्या जातात, पुण्यात मात्र रातराणी बस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, हेही या निमित्ताने सांगावेसे वाटते.

मद्यपानाचा एक दिवसाचा परवाना ग्राहकाला जागेवरच देण्याची सोय उत्पादन शुल्क विभागाने केली आहे. हॉटेलच्या ताब्यातील चावी नशेत असलेल्या ग्राहकाला न देता त्याच्यासाठी रिक्षा किंवा टॅक्सी बोलावण्याची अट याच विभागाला वेळवाढीच्या परवानगीत घालता येईल. ती यंदा घातली आहे का आणि उद्या, 1 जानेवारीला, पहाटे पाचनंतर नाकाबंदी किती वाजेपर्यंत राहणार आहे, हे आपल्या प्रतिनिधीने उत्पादन शुल्क आणि पोलिस या दोन्ही खात्यांना विचारून छापावे.

– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे