माइक बंद ठेवा, सात वाद्ये पुरेशी आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरात मागच्या शनिवारी झालेल्या ‘सैनिकाची गोष्ट’ या कार्यक्रमाचे वृत्त आपल्या अंकात वाचले. संगीत, निवेदन, चित्रे आणि नृत्य यांचा संगम ‘मराठवाड्यात प्रथमच’ घडला, असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. दीपप्रज्वलनाला हजर असलेल्या मान्यवरांची नावे त्यात अकरा ओळी भरून आहेत. वाजवणाऱ्या सात जणांचे मात्र एकही नाव नाही, वाद्यांचीही नाहीत. मी पैठणहून एसटीने जाऊन तिसऱ्या रांगेत बसून कार्यक्रम पाहिला, म्हणून लिहितो.

आधी ‘प्रथमच’बद्दल. पैठणच्या माणसाला हा शब्द टोचणारच, त्यातून मी चित्रकलेचा मास्तर. पैठणची चित्रे म्हणून जी ओळखली जातात ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि चित्रकथ्याने एकेक चित्र लोकांसमोर उभे करून त्याची कथा गात-सांगत न्यायची. चित्रांच्या त्या गठ्ठ्याला पोथीच म्हणत. सिंधुदुर्गात पिंगुळीची ठाकर मंडळी आजही ही कला सांभाळून आहेत. नाथांची भारुडे तर आमच्याकडे नाचूनच सांगतात. आणि गोंधळ? चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ-तुणतुणे सुरू झाले की नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, नाचतोही, गातोही आणि मध्येच थांबून आख्यानही सांगतो.

पण आमच्याकडे सगळे आधीपासूनच होते, असा टेंभा मिरवायला मी बसलेलो नाही. तसे म्हणून परक्याचे काही ऐकायचेच नाही, ही आपली जुनी खोड. शनिवारचा प्रयोग बसवणाऱ्यांनी, आणि आपल्या प्रतिनिधीनेही, या जुन्या मंडळींकडून एक गोष्ट घ्यायला हवी होती, एवढेच म्हणणे आहे. ती अशी की, संबळ जोरात असतो तेव्हा नाईक बोलत नाही, आणि नाईक बोलू लागला की संबळावरचा हात हलका होतो.

मूळ कृती इगॉर स्त्राविन्स्कीची, १९१८ सालची. पहिले महायुद्ध चालू होते, हा रशियन संगीतकार स्वित्झर्लंडमध्ये अडकला होता, पैशाची चणचण होती. मोठा वाद्यवृंद परवडणार नाही, तेव्हा गावोगाव नेता येईल असा आटोपशीर खेळ करू, असे त्याने आणि त्याच्या लेखकमित्राने ठरवले. तमाशाच्या फडाला कळेल असा हिशेब. वाद्ये निवडली ती जोड्यांनी, एक उंच आवाजाचे, एक खर्जातले: व्हायोलिन आणि डबल बास, क्लॅरिनेट आणि बसून (हे वाद्याचे नाव आहे, वाजवायची पद्धत नव्हे, सूत्रसंचालकांनी ते उच्चारताच सभागृहात खसखस पिकली), कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन. सातवा माणूस तालवाद्यांचा. ‘वाचायची, वाजवायची आणि नाचायची’ अशी या कृतीची ओळख खुद्द कर्त्यांनीच करून दिली होती. २८ सप्टेंबर १९१८ रोजी लोझान शहरात पहिला प्रयोग झाला आणि पुढचा दौरा इन्फ्लुएन्झाच्या साथीने बुडाला. त्याच साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत.

कथा कुणालाही कळेल अशी आहे. रजेवर घरी निघालेला शिपाई आपले व्हायोलिन सैतानाला देतो आणि बदल्यात पुढचे भविष्य सांगणारे पुस्तक घेतो. तीन दिवस सैतानाकडे राहिलो असे त्याला वाटते. गावी येऊन पाहतो तर तीन वर्षे उलटलेली. पुढे राजकन्या, तिचा आजार, पत्त्यांचा डाव, सगळे आहे.

हे संगीत छोट्या खोलीचे. म्हणूनच त्याला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात, चेंबर म्हणजे खोली. आपण ज्याला बैठक म्हणतो, तिच्या जवळचे. सात वेगवेगळ्या आवाजांची कुजबुज, भांडण, थट्टा ऐकायची. मात्र शनिवारी प्रत्येक वाद्यापुढे माइक होता आणि दोन्ही बाजूंना लग्नातल्या डीजेच्या उंचीचे स्पीकर. डबल बासचा आवाज माझ्या खुर्चीच्या पायांतून येत होता, बसून तर कुठून येत होते कोण जाणे. सगळे आवाज एकाच भिंतीतून यायला लागले की सात जण कशाला हवेत? त्यावर निवेदकाचा माइक आणखी वर चढवलेला. निवेदकाचा दोष नाही, त्यांचे मराठी सुरेख होते. पण शिपाई ओढ्याकाठी एकटा बसून वाजवतो ते सगळे व्हायोलिन त्यांच्या आवाजाखाली गेले.

आणि चित्रे. चित्रे उत्तम होती, हे मी व्यवसायाने सांगू शकतो. काळ्या शाईची, मोजक्या रेषांची. पण एलईडीच्या भल्यामोठ्या पडद्यावर ती चार-पाच सेकंदांना बदलत होती, वर हलतही होती. शिपाई चालतो, ढग सरकतात, सैतानाची शेपटी वळवळते. चित्रकथी एक चित्र बराच वेळ समोर ठेवतो. चित्र जागचे हलत नाही, म्हणून कथा त्यात हिंडू शकते. आपण कथा ऐकता ऐकता कोपऱ्यातल्या घोड्याकडे जातो, परत रावणाच्या तोंडाकडे येतो. इथे डोळ्याला ती सवडच नव्हती. पडद्याच्या उजेडात समोरचे वादक नुसत्या सावल्या झाले होते.

सात वाजताचा कार्यक्रम सत्कार, शाली आणि नारळ आटोपून पावणेआठला सुरू झाला, हे ओघाने आलेच.

आता जमले ते. राजकन्या मूळ कृतीतही एक शब्द बोलत नाही, फक्त नाचते. टँगो, वॉल्ट्झ आणि रॅगटाइम असे तीन नाच तिला आहेत. इथे ते एका तरुण कथक नर्तिकेने केले. पहिल्या नाचाच्या सुरुवातीलाच पडदा बंद पडला. मुद्दाम की बिघाडाने, ठाऊक नाही. निवेदक गप्प, पडदा काळा, आणि तिने घुंगरू इतके दाबून वाजवले की क्लॅरिनेटवाल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्यानंतरची काही मिनिटे मी विसरणार नाही. विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी कोरली आहे आणि तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया. जागा एवढीशी, सगळ्या जणी हाताच्या अंतरावर. मला तीच आठवली. मग पडदा पुन्हा पेटला आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

माझ्यासोबत आमच्या आळीतले गोंधळी काका होते. वय सत्तरीपुढे, संबळ अजून वाजवतात. शेवटी सैतान शिपायाला घेऊन जातो तेव्हा व्हायोलिन हळूहळू मागे पडते आणि अखेरीला फक्त तालवाद्ये उरतात. लोक उठू लागले होते. काका पुढे वाकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “गुरुजी, सैतान जितला म्हना की.” मी हो म्हणालो. “आपल्यात वाजतंय ते देवीचं असतंय,” ते म्हणाले, “ह्यांच्यात सैतानाचं. पर हात मोकळा होता त्याचा.” तुमच्या पूर्ण पाऊण कॉलममध्ये त्या तालवादकाच्या हाताबद्दल एवढेही आलेले नाही, म्हणून काकांचे हे मत छापावे ही विनंती.

आयोजकांना सांगायचे ते थोडक्यात. असे कार्यक्रम आणखी करा, लातूर-नांदेड-अंबाजोगाईलाही न्या. पण हजार खुर्च्यांचे सभागृह घेऊ नका. ते भरत नाही, शनिवारीही मागच्या रांगा रिकाम्या होत्या. ते भरल्यासारखे वाटावे म्हणूनच आवाज वाढवला जातो, अशी माझी शंका आहे. दीडशे माणसे, सतरंज्या, एकही माइक नको. चित्रे एका वेळी एक, कागदावरची असली तर फारच छान. धरून उभे राहायला आमच्याकडे पोरे आहेत.

परतीच्या एसटीत काकांनी हिशेब मांडला. त्यांच्या वाड्याच्या चौकात नवरात्रात सव्वाशे माणसे बसतात, सात वादक आणि ती मुलगी ओसरीवर मावतील, जेवणाचे ते बघतील. मानधनाचे काय, असे मी विचारले तर म्हणाले, “तेबी बघू.” आपल्या कार्यालयात त्या वाद्यवृंदाचा पत्ता किंवा फोन असेल तर कृपया कळवावा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
पैठण