पेटीची छाती पाहणाऱ्या काकांना

पेटीवाले काका,
रामकृष्ण हरी.

तुम्ही आमची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करून गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवून दिला. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो. दारव्ह्याकडच्या आणखी चार-दोन भजनी मंडळांच्या पेट्याही अशाच कोपऱ्यात पडलेल्या असतील.

आमची पेटी दोन पावसाळे मारुतीच्या देवळातल्या कपाटात होती. उंदरांनी भात्याचं चामडं कुरतडलेलं. शहरातल्या एका दुकानात नेली, तर काउंटरवरूनच सांगितलं, भंगार आहे, कीबोर्ड घ्या. मग मीच शहाणपण केलं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा! तुम्ही तो तुकडा चिमटीत धरून विचारलंत, "हे कोनं केलं जी?" मी म्हणालो, आधी कोणीतरी केलं असेल. आज कबूल करतो, मीच केलं.

मला घाई सुरांची होती, मध्यम अडकत होता. तुम्ही म्हणालात, "सूर मंग. आधी पेटीची छाती पाहा लागते." भाता भरून सोडलात आणि मोजायला लागलात. चार म्हणेपर्यंत भाता खाली बसला.

नवं चामडं चिकटवलंत, तेवढ्यात लाइन गेली. सरस वाळेपर्यंत आपण देवळाच्या ओट्यावर बसलो आणि तुम्ही बाख या संगीतकाराची गोष्ट काढलीत. तरुणपणी नागपूरला एका चर्चच्या ऑर्गनच्या (भात्याच्या हवेवर नळ्या वाजतात ते मोठं वाद्य) कामावर होतात, तिथे वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं ती तुम्हाला सांगितली होती. माझ्यासाठी बाख म्हणजे विग घातलेला फोटोतला माणूस. तुमच्या तोंडून तो आपल्या धंद्यातला निघाला. योहान सेबास्टियन बाख, जन्म 1685, जर्मनीतलं आयझेनाख. नवा ऑर्गन बांधला की तपासायला त्याला बोलावत. 1703 मध्ये, अठराव्या वर्षी, आर्नश्टाटचा ऑर्गन तपासायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. आधी सगळे स्टॉप, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या खुंट्या, ओढायचे आणि पुऱ्या दमानं वाजवायचं, ही त्याची रीत. वाद्याची फुप्फुसं धड आहेत का ते कळायला हवं, असं तो गमतीनं म्हणायचा. हे त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय. म्हणजे छातीच पाहायचा की!

दहाव्या वर्षापर्यंत आईबाप गेलेले. थोरल्या भावाकडे वाढला. भावानं कपाटात ठेवलेली संगीताची वही जाळीतून काढून सहा महिने चांदण्यात उतरवली, तर भावानं ती उतरवलेली वहीच हिसकावून घेतली. इथे तुम्ही थांबलात आणि बराच वेळ नुसती तंबाखू मळत राहिलात.

मग 1705 ची पायपीट. बुक्स्टेहुडे नावाच्या म्हाताऱ्याचा ऑर्गन ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकपर्यंत, 400 किलोमीटरच्या आसपास. रजा चार आठवड्यांची, परतला चारेक महिन्यांनी. शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरला जाऊन आलेले आमचे आजोबा म्हणाले, "मंग वारकरीच म्हना ना त्याले." परतल्यावर चर्चच्या पंचांनी झापलं. रजेचं तर होतंच, वर आणखी एक तक्रार: हा प्रार्थनागीतात असे विचित्र सूर घालतो की लोकांचा गोंधळ उडतो. आमच्या मंडळात हीच तक्रार माझ्याबद्दल आहे, म्हणून मी ती रात्री मोबाईलवर तीनदा वाचली.

1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत तो लायप्झिगला होता. पहिल्या काही वर्षांत जवळजवळ दर रविवारी नवी रचना. लिहायची, प्रती काढायच्या, शाळेतल्या पोरांकडून बसवून घ्यायची. आमच्याकडे एक गवळण बसेपर्यंत काकडा संपतो. शेवटी त्याचे डोळे गेले, दोनदा ऑपरेशन होऊनही आले नाहीत.

लाइन आली तेव्हा सरस वाळला होता. तुम्ही सगळे स्टॉप ओढलेत, दोन्ही पंजे पट्ट्यांवर ठेवलेत आणि असा आवाज काढलात की देवळामागचं कुत्रं भुंकत पळालं. मग पट्ट्या सोडून मोजलंत. बावीस! मध्यम त्यानंतर दहा मिनिटांत सुटला. सुराच्या पितळी जिभेखालून कागदाची पट्टी फिरवलीत, त्यात बुक्क्याचा कण निघाला.

सहाशे रुपये घेतलेत. तुरीची डाळ मात्र आईनं जबरदस्तीनं पिशवीत घातली, त्याबद्दल रागावू नका.

पेटी बंद करण्याआधी आतल्या फळीवर तुम्ही पेन्सिलीनं तारीख टाकलीत, खाली "माउली". स्वतःचं नाव नाही. बाखही कितीतरी हस्तलिखितांच्या शेवटी तीन अक्षरं लिहायचा, त्यांचा अर्थ "गौरव फक्त देवाचा". तुम्हाला हे ठाऊक होतं का, ते विचारायचं राहिलं.

तुमची पेन्सिल पेटीवरच राहिली आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून काकडा आहे, पहाटे पाचला. या, तेव्हाच न्या.

तुमचा,
सोल्युशनवाला